वरच्या बाईंचा पंप

"जागेची काळजी तुम्ही अजिबात करू नका!" वरच्या बाईंनी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं. "अख्ख्या शहरात माझ्याइतकी खासगी खोली कुणाकडे नसेल. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा शिपाई डोकावतो. माझ्याकडे डोकावायचं तर माणसाला पंख फुटायला हवेत!"

यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं. बाई टॉवर क्रेन चालवायच्या. उंच इमारतीच्या बांधकामावर तो पिवळा सांगाडा उभा असतो ना, त्याच्या मानेपाशी काचेची एक पेटी चिकटलेली असते. त्या पेटीत बसून बाई लोखंडाचे भारे उचलायच्या आणि झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसे अलगद जागेवर टेकवायच्या. खालच्यांना त्यांचा चेहरा दिसायचाच नाही, नुसता वॉकीटॉकीतून आवाज यायचा. म्हणून सगळे त्यांना 'वरच्या बाई' म्हणायचे. बोलताना काहीजण नकळत हातही जोडायचे!

बाळंतपणाची रजा संपली होती. घरात मुलगी होती, तिला सगळे 'सरकार' म्हणत, कारण तिची मागणी आली की सगळ्यांची पळापळ व्हायची. बेत साधा होता. दुपारच्या सुट्टीत वरच बसायचं, पंपानं दूध काढायचं, बाटली गार पिशवीत ठेवायची आणि संध्याकाळी घरी न्यायची.

"तुझं तू बघ बाई," सासूबाई म्हणाल्या. सुनेची नोकरी त्यांना नापसंत नव्हती, पण ती नेमकी काय करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. 'काहीतरी यंत्रावर आहे,' एवढंच त्या शेजारणींना सांगायच्या.

पहिल्या दिवशी बाई शिडी चढून वर गेल्या, पेटीचं दार उघडलं, आणि बघतात तर काय! समोरच्या कोपऱ्यातून एक काळा डोळा थेट त्यांच्या खुर्चीकडे रोखून बघत होता. रजेच्या काळात कंपनीनं सुरक्षेसाठी कॅमेरा बसवला होता. त्याचं चित्र खाली इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसात, भल्यामोठ्या पडद्यावर दिसायचं. आणि त्या ऑफिसात चहाचं मशीन असल्यामुळे तिथं कायम माणसांचा राबता!

चहाच्या सुट्टीत बाई खाली आल्या. इंजिनिअरसाहेब तरुण, अविवाहित आणि कायम घाईत.

"साहेब," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला जरा पंपासाठी जागा हवी होती."

"पंप? किती हॉर्सपॉवरचा?"

"अं... छोटा आहे. घरगुती."

"हरकत नाही! बेसमेंटमध्ये लावा. तिथं तसंही पाणी साचलंय."

बाईंना वाटलं, ओलसर असेल, पण निदान एकांत तरी मिळेल. त्या पिशवी घेऊन तळघरात उतरल्या, एका खांबामागे उलटी बादली ठेवून बसल्या, आणि जॅकेटची चेन खाली ओढणार एवढ्यात दोन प्लंबर लांबलचक पाइप खांद्यावर टाकून हजर!

"साहेबांनी पाठवलंय," त्यातला एक म्हणाला. "पंप तुमचा, पाइप आमचा. कुठं जोडायचा?"

"कुठंही नाही!" बाई किंचाळल्या आणि जिन्यानं वर सुटल्या.

दुपार होईपर्यंत त्यांची छाती दगडासारखी झाली. रस्त्यावर एका स्कूटरचा हॉर्न केविलवाणा वाजला तरी त्यांना सरकार रडल्यासारखं वाटायचं आणि जॅकेटच्या आतून ओल पसरायची. शेवटी सुट्टीचा भोंगा झाला तशा त्या पेटीतच थांबल्या, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि कॅमेऱ्यावर टांगलं. काळा डोळा गप्प मिटला!

पंप सुरू झाला. घुर्र-फुस, घुर्र-फुस.

आणि मग बाई जरा वेळ सगळं विसरल्या. दूध उतरू लागलं होतं. थेंब थेंब, मग बारीक धार. पायाखाली काच, काचेखाली सगळं शहर. गच्च्या, टाक्या, मुंगीएवढ्या गाड्या, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे कुठंतरी त्यांच्या घराचं छप्पर. एवढं मोठं जग समोर पसरलंय आणि त्याच्या डोक्यावर बसून आपलं अंग कुणाला न विचारता, न सांगता एका जिवाचं जेवण तयार करतंय, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला. लोखंडाचे डोंगर उचलताना कधी असं वाटलं नव्हतं.

एवढ्या तंद्रीत वॉकीटॉकीचं बटण आपल्या मांडीखाली दाबलं गेलंय, हे त्यांना कळणार कसं? आणि ते दाबलेलं असेपर्यंत खालचं अक्षरही त्यांना ऐकू येणार नव्हतं.

खाली आधी पडदा काळा झाला. इंजिनिअरसाहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. तेवढ्यात टेबलावरच्या वॉकीटॉकीतून आवाज यायला लागला. घुर्र-फुस. घुर्र-फुस.

"गिअरबॉक्स गेला!" साहेब ओरडले.

"गिअरबॉक्स नाही हो," मुकादम कान लावून म्हणाला. "धाप लागलीय! बाईंचा श्वास आहे हा. बेशुद्ध पडल्यात!"

"बाई! वरच्या बाई! बोला काहीतरी!"

घुर्र-फुस.

सेफ्टीचे काका आयुष्यभर या क्षणाची वाट बघत होते. त्यांनी आणीबाणीचा भोंगा वाजवला! तो वर बाईंनाही ऐकू आला, पण त्यांना ती काकांची नेहमीची चाचणी वाटली. सगळी माणसं जेवणाचे डबे टाकून मोकळ्या आवारात जमली आणि माना वर करून उभी राहिली. रस्त्यावरचे लोक थांबले. समोरच्या इमारतीतले कारकून खिडक्यांत आले. कुणी म्हणालं क्रेन पडणार आहे, कुणी म्हणालं बाई उडी मारणार आहेत!

"मी जातो वर!" मुकादमानं छाती पुढे काढली. छातीबरोबर पोटही पुढे आलं. माणूस मोठ्या मनाचा होता, पण शिडीभोवतीची लोखंडी कडी मन मोजून बनवलेली नव्हती. अर्ध्या वाटेवर एका कड्यात त्याचं पोट असं बसलं की वरही जाईना आणि खालीही येईना. त्यानं एकदाच खाली बघितलं, शिडीला गच्च मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले.

नेमक्या याच वेळी फाटकातून सासूबाई आत शिरल्या. कडेवर सरकार, आणि सरकारचा आवाज भोंग्याच्या वर! घरी ठेवलेली दुधाची बाटली सरकारनं हाताच्या एका फटक्यात फरशीवर आडवी केली होती, आणि दुसरं काही तोंडाला लावायला तयार नव्हतं. म्हणून सासूबाई थेट आईकडेच घेऊन आल्या होत्या.

"हिची आई कुठंय?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकदम वर बोट दाखवलं.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "देवाघरी?"

"नाही हो! क्रेनवर!"

इकडे वर बाईंचं काम आटोपलं. त्यांनी सहज खाली बघितलं, तर सगळं आवार माणसांनी भरलेलं आणि सगळे आपल्याकडेच बघतायत. त्या दचकून उठल्या, बटण सुटलं आणि वॉकीटॉकीतून एकदम दहा आवाज आले.

"बाई, दम धरा! बाई, डोळे मिटू नका!"

"मला काय झालंय?" बाई म्हणाल्या.

"मग कॅमेरा काळा का?"

"मी झाकलाय."

"का झाकलाय?"

आवारातल्या प्रत्येक वॉकीटॉकीवर हे ऐकू जात होतं. "दूध काढत होते."

मग अर्ध्या शिडीवरून, डोळे मिटलेल्या मुकादमाचा आवाज आला, "दूध? म्हैस वर नेलीच कशी?"

"माझ्या मुलीसाठी!" बाई ओरडल्या. "आई आहे मी! पंपानं काढत होते!"

इंजिनिअरसाहेबांना सकाळचा हॉर्सपॉवरचा प्रश्न आठवला आणि ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

सासूबाईंनी त्यांच्या हातातला वॉकीटॉकी काढून घेतला. "सूनबाई! आधी ते दूध खाली आण. ही गळा फाडतेय."

"आत्ता येते, आई!" बाई शिडीकडे धावल्या आणि वाकून बघतात तर वाट बंद! कड्यात मुकादम, बाटलीत बूच बसावं तसा.

काकांनी तोडगा काढला. आवारात एक पिंजरा होता. क्रेनच्या आकड्याला तो अडकवून माणसाला वर नेता येतं. पिंजरा वर न्यायचा, बाटली त्यात घ्यायची, आणि येताना मुकादमाला धीर देत सोडवायचं. "फक्त आत कुणीतरी बसायला हवं," काका म्हणाले. "मी बसलो असतो, पण माझं ब्लडप्रेशर..."

इंजिनिअरसाहेबांना अचानक महत्त्वाचा फोन आला. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघू लागले. खालून इशारे देणारा सिग्नलवाला तेवढा खरा अडकलेला होता, त्याला जमिनीवरच राहणं भाग होतं.

"व्हा बाजूला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सरकारला साहेबांच्या हातात कोंबलं. "मान धरा. हलवू नका फार." हेल्मेट घातलं, पट्टे बांधून घेतले आणि त्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

वर बाईंनी दांड्यांवरचे हात मागे घेतले. आजवर किती टन लोखंड उचललं होतं, पण सासू कधी उचलली नव्हती!

"आई, नको! मी दुसरं काही बघते!"

"तुला हे यंत्र चालवता येतं की नाही?"

"येतं."

"मग चालव."

गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, "सून सासूला वर पाठवतेय!" आणि सगळं आवार खुदकन हसलं. पण पिंजरा जमिनीवरून सुटला तसं हसू थांबलं. धक्का नाही, झोका नाही. पाण्यावरून पान जावं तसा पिंजरा सरळ वर निघाला. सिग्नलवाला हातवारे करायचं विसरून नुसता बघत राहिला. मजुरांनी हेल्मेटं काढली. एवढं अवाढव्य धूड, आणि ते एका म्हाताऱ्या बाईला असं जपून नेत होतं की जणू त्याला नातं कळत होतं.

मुकादमाशेजारून जाताना सासूबाई म्हणाल्या, "थांबा हं. येते परत."

"कुठं जाणार!" मुकादम रडवेल्या आवाजात म्हणाला.

पिंजरा पेटीसमोर येऊन थांबला. मध्ये वाऱ्याची झुळूक आणि थोडंसं आकाश. बाईंनी काच पुसायच्या लांब काठीच्या टोकाला दुधाची पिशवी अडकवून पुढे केली. सासूबाईंनी ती घेतली, गळ्यात अडकवली, आणि मग मान वळवली.

बाई घाबरल्या. सासूबाईंना गप्प बसलेलं त्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होत्या.

"आई? चक्कर येतेय का?"

"हे... हे सगळं तू रोज बघतेस?"

"रोज."

"आणि त्या खालच्या भिंती, ते खांब, हे सगळं तू उचलून ठेवलंस?"

"बरंचसं."

सासूबाईंनी गळ्यातल्या पिशवीत हात घातला. आतली बाटली अजून कोमट होती. त्यांनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा शहराकडे, एकदा सुनेकडे. "आणि घरी येऊन कधी बोलली नाहीस ती!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला वाटलं यंत्र म्हणजे शिवणयंत्रासारखं काहीतरी असेल!" सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. वारा फार होता, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

उतरताना बाईंनी पिंजरा मुकादमाच्या शेजारी नेऊन थांबवला. पुढचा कार्यक्रम आवारानं श्वास रोखून बघितला. "पोट आत घ्या. अजून. अहो, जेवण सोडा म्हणत नाही, श्वास सोडा! हं. आता उजवा पाय खाली. शाब्बास! आता डावा. अरे वा, चालायला शिकलं की आमचं बाळ!" सासूबाईंनी बोलत बोलत त्या आडदांड माणसाला एकेक पायरी उतरवत जमिनीवर आणलं. बाईंनी वरून पिंजरा त्याच्या वेगानं असा उतरवला की दोघांचे पाय बरोबरच मातीला लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला!

सासूबाई पिशवी उंचावत गर्दीतून धावल्या. "आलं गं, आलं दूध!"

"शूऽऽऽ!" इंजिनिअरसाहेब दातांवर दात ठेवून म्हणाले. सरकार त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. साहेबांची मान अवघडली होती, एक पाय हवेत होता, आणि चेहऱ्यावर असा भाव होता की जणू त्यांच्या हातात कुणी चंद्र आणून ठेवलाय. "कुणीही आवाज करायचा नाही! काम बंद!"

दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. कॅमेऱ्यासाठी सासूबाईंनी नाडीचं टोपडं शिवून दिलं. साहेबांनी पडद्याशेजारी पाटी लावली की दुपारी पडदा काळा झाला तर चहा प्यावा, घाबरू नये. आणि वेळ पाळायची जबाबदारी मुकादमानं कृतज्ञतेपोटी स्वतःच्या अंगावर घेतली.

पहिल्याच दुपारी बाईंनी टोपड्याची नाडी बांधली, पंप लावला आणि निवांत डोळे मिटले. तेवढ्यात खालचा मोठा लाउडस्पीकर खरखरला आणि मुकादमाचा आवाज चार रस्ते ओलांडून घुमला:

"लक्ष द्या! वरच्या बाई दूध काढतायत! कुणीही वर बघायचं नाही!"

बाईंनी एक डोळा उघडून खाली बघितलं. तोवर कुणाचंच लक्ष नव्हतं. आता बस थांबली होती, वाहतूक थांबली होती, आणि सगळा रस्ता एकजात मान वर करून बघत होता.