पारदर्शक मलमाची अडचण

आमच्या प्रयोगशाळेत तेल आणि पाणी गुण्यागोविंदाने नांदू लागली, ही बाब गंभीर असल्याने तातडीने समिती नेमण्यात आली. मी तिचा सदस्य होतो, त्यामुळे मला विषयातलं काही कळण्याची अट नव्हती.

संशोधक बाईंनी मायक्रोइमल्शन, म्हणजे तेल-पाणी एकजीव झालेलं पातळ मलम, बनवलं होतं. तेलाचे थेंब इतके बारीक, की डोळ्यांना दिसतच नव्हते. तेलातलं औषध मात्र कातडीत खोल मुरत होतं. बाईंच्या मावशीचे हात कित्येक वर्षं भेगाळलेले होते. हे लावल्यावर ती भांडी घासताना गाणी म्हणू लागली. मंजुरी मिळाली नाही, तर मावशीचे हात पुन्हा फाटणार होते.

अध्यक्षांनी बाटली उजेडात धरली. "अहो, हे तर पाणी आहे!"

"तेलही आहे, साहेब. नीट मिसळलंय म्हणून दिसत नाही."

"जे दिसत नाही ते विकू कसं?" विक्रीप्रमुख कळवळले. "पांढरं करा, घट्ट करा, वास घाला."

"मिश्रण फाटेल," बाई म्हणाल्या. समितीने फाटण्यास रीतसर अनुमती दिली.

भुकटी पडली, अत्तर पडलं आणि तेल वर, पाणी खाली असा काडीमोड झाला. बाईंनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांचा चेहरा मात्र खुलला. "उत्तम! वरचा थर सौंदर्यप्रसाधन, खालचा औषध. दोन विभाग, दोन बाटल्या!"

औषध वरच्या थरात होतं. पण लेबलं छापून झाली होती, म्हणून वस्तुस्थितीत दुरुस्ती करावी असं ठरलं.

गुण येत नाही, अशा तक्रारी आल्या. तेव्हा समितीने दोन्ही एकत्र करण्यासाठी तिसरी बाटली काढली. ती रिकामी होती आणि सर्वांत महाग. तिच्यावर उड्या पडल्या.

बाईंनी पहिल्या मिश्रणाची शेवटची बाटली गुपचूप मावशीला नेऊन दिली.

"अगं, हे पाणी कशाला आणलंस?"

"मावशी, तुझे हात यानंच बरे झाले होते ना?"

"ते आपोआप झाले असतील गं." मावशीने बाटली कुंडीत रिकामी केली आणि तीन बाटल्यांची पेटी अभिमानाने पुढे सरकवली. "हात पुन्हा फाटलेत खरे, पण वास तर बघ!"

बाईंकडून हे ऐकून मला हसू आवरेना. तुम्हालाही आवरलं नसेल. मग आता आरशाखालचा खण उघडा. तिसरी बाटली असेल तर टाकू नका. तिचं झाकण पुढच्या महिन्यात वेगळं विकायला येतंय.