टॉर्चनं निदान विचारलं तरी

आपल्यासमोर बंद राहील असं कुलूप अजून कुणी घडवलेलं नाही, असं नाना स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणी सांगेल याची वाट बघत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. गल्लीच्या तोंडाशी, एका जिन्याखालच्या टीचभर जागेत, एक शिकंजा, दोन कानशी आणि खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या घेऊन ते चाळीस वर्षं बसले होते. कपाट असो, लॅच असो, नाहीतर रुसून आतून कडी लावून बसलेला कुणाचा जावई असो, नानांना बोलावणं यायचं.

"कुलूप म्हणजे हट्टी माणूस," नाना म्हणायचे. "दांडगाई केली की अडून बसतं. कान देऊन ऐकलं की आपणहून बोलायला लागतं."

अशा माणसाला एका टॉर्चनं पाणी पाजलं.

झालं असं, की समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मोठ्या बाई राहायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण ते त्यांच्या आवाजाला अजून कुणी कळवलं नव्हतं. एका भर दुपारी त्यांचं लॅच अडकलं. वीज गेलेली, आणि त्या जिन्याला खिडकीच नाही. नानांनी मुलीनं दिलेला फोन काढला आणि टॉर्चच्या चित्रावर बोट ठेवलं. उजेड पडायच्या ऐवजी अक्षरं उमटली : 'टॉर्चला तुमचे फोटो पाहण्याची परवानगी द्यायची?'

नानांच्या एका हातात तार, दातांत पेचकस, आणि मागे उभ्या राहून मोठ्या बाई दर अर्ध्या मिनिटाला "झालं का?" विचारतायत. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. नानांनी 'हो' दाबलं, उजेड पडला, लॅच उघडलं.

प्रश्न नानांच्या डोक्यात शिरला तो घरी आल्यावर, चपला काढताना.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "उजेड पाडणाऱ्याला फोटो कशाला लागतात?"

"त्यालाच विचारा. मी टॉर्च नाही."

नानांच्या फोनमध्ये फोटो होते तरी कसले? नातवंडांचे चार. बायकोचा एक, त्यातही तिचे डोळे मिटलेले. उरलेले दोनशे अकरा किल्ल्यांचे. फोन हातात आल्यापासून, किल्ली करायला आलेल्या प्रत्येकाची किल्ली ते पांढऱ्या कागदावर ठेवायचे, शेजारी लिहायचे 'मोठ्या बाई, तिसरा मजला, बाहेरचं दार', आणि फोटो काढायचे. उद्या किल्ली हरवलीच, तर फोटोवरून दाते मोजून नवी कापून देता येते, गिऱ्हाइकाचा खोळंबा होत नाही. हेतू अगदी धुतल्या तांदळासारखा. फक्त हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. चांगलं काम गाजावाजा न करता करावं म्हणून.

"गल्लीतली सगळी दारं आहेत त्यात," नाना म्हणाले. "माझ्या हातच्या किल्लीनं चाळीस वर्षांत एक घर फुटलं नाही. उद्या कुणाकडे काही झालं, तर लोक बोट कुणाकडे दाखवतील?"

"मग ते फोटो पुसून टाका."

"वर्षाची मेहनत पुसू?"

"मग टॉर्च काढून टाका."

ते सोपं होतं, पण होत नव्हतं. नको असलेलं अ‍ॅप काढून टाकायचं बटण इतर सगळ्या अ‍ॅपपुढे ठसठशीत दिसायचं आणि टॉर्चपुढे मात्र धुऊन विटल्यासारखं फिकट. दाबलं तरी हू नाही की चू नाही. टॉर्च कंपनीनं बसवून दिलेला होता. तो घरजावयासारखा ठाण मांडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी नाना शेजारच्या फोनवालीकडे गेले. ती फोन दुरुस्त करायची. तिशीची, हुशार, आणि डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे समोरच्याला कायम एकाच डोळ्यानं जोखणारी.

"नाना, परवानगी काढून घ्या की. एका बटणाचं काम आहे."

"काढली. मग तो पेटतच नाही. पुन्हा मागतो. म्हणजे चोराला घरात पाट मांडायचा आणि वर सांगायचं, बाबा रे, कपाटाकडे बघू नकोस? मला तो घराबाहेर पाहिजे."

"मग फोन रूट करावा लागेल."

"ते काय असतं?"

"रूट म्हणजे मूळ. असं बघा, फोन तुमचा, पण त्याची मास्टर किल्ली कंपनीकडे. रूट केला की ती किल्ली तुमच्या हातात येते."

नाना पायरीवर उभे होते ते आत आले.

"म्हणजे फोन मला विकला आणि किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली?"

"तसंच म्हणायचं."

"आमच्या धंद्यात, पोरी, दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली गुपचूप ठेवून घेणाऱ्याला चोर म्हणतात."

हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की पलीकडे इस्त्रीवाल्या भाऊंकडे साड्या द्यायला आलेल्या मोठ्या बाईंनीही मान वळवून पाहिलं. बाईंची स्मरणशक्ती फार चांगली होती. चाळीस वर्षांपूर्वी पाढे चुकलेली मुलं त्यांना अजून नावानिशी आठवायची.

"पण वॉरंटी जाईल हां," फोनवाली म्हणाली. "अजून दोन महिने आहेत. रूट केलेल्या फोनला कंपनी हात लावत नाही. बिघडला तर तुमचं तुम्ही निस्तरायचं."

"मी आजवर काय दुसऱ्याकडून निस्तरून घेतलंय? तू कर."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. फोनवाली एरवी गिऱ्हाइकाला विचारायची, "बॅकअप घेतलाय ना?" पण नाना वडीलधारे. त्यांना त्यांच्या शब्दांत विचारावं म्हणून तिनं फोनला वायर जोडता जोडता विचारलं, "नाना, आतल्या सगळ्याची डुप्लिकेट आहे ना? कारण हे करताना सगळं..."

"किल्लीवाल्याला विचारतेस?" नानांनी तिचं वाक्य मध्येच कापलं. त्यांच्या डोळ्यांपुढे घराची, दुकानाची आणि बायकोच्या ट्रंकेची जोडकिल्ली उभी राहिली. "सगळ्याची डुप्लिकेट असते माझ्याकडे. एक सोडून दोन-दोन."

"मग झालं तर," म्हणत तिनं बटण दाबलं.

फोन विझला, पेटला, पुन्हा विझला. नाना सवयीनं कान जवळ नेऊन ऐकत होते. आतून काहीच बोललं नाही. अर्ध्या तासानं फोनवालीनं टॉर्च उपटून फेकला आणि फोन त्यांच्या हातात ठेवला.

"घ्या. आता तुम्ही मालक."

मालकांनी घरात पाऊल टाकलं तर घर रिकामं. किल्ल्या नाहीत, नातवंडं नाहीत, डोळे मिटलेली बायको नाही.

"माझे फोटो?"

"पुसले गेले. तुमच्याकडे डुप्लिकेट आहेत ना?"

"किल्ल्यांच्या आहेत."

फोनवालीनं भिंग काढलं आणि पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं खुर्ची पुढे केली.

फोटो गेले ते गेलेच, पण आता दिवाही लागेना. टॉर्च जाताना उजेडही बरोबर घेऊन गेला होता. फोनवालीनं दोन दिवस डोकं घातलं आणि हात टेकले. काळोख्या जिन्यात काम करणाऱ्याला दिव्यावाचून भागत नाही, म्हणून नाना कंपनीच्या दुरुस्तीच्या ऑफिसात गेले. तिथं गार हवेत बसलेल्या मुलीनं फोन एका वायरीला लावला आणि परत दिला.

"काका, हा रूट केलेला आहे. वॉरंटी संपली."

"बाळ, फक्त दिवा बघ."

"वॉरंटी संपली, काका."

तिसऱ्यांदा विचारायला नाना थांबले नाहीत. हट्टी कुलूप त्यांना ओळखता येत होतं.

संध्याकाळी बायकोनं ही हकीकत गच्चीत उभी राहून बहिणीला फोनवर सांगितली. बहीण जरा कमी ऐकायची, त्यामुळे सगळी इमारत जरा जास्त ऐकायची.

"अगं, यांची वॉरंटी निकालात निघाली. नाही गं, यांची म्हणजे फोनची. यांची स्वतःची तर कधीच गेली. हो, त्या फोनमुळेच. ऑफिसात जाऊन आले, पण कुणी उभं करून घेतलं नाही."

खाली इस्त्रीवाले भाऊ साडीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवत होते. त्या फुसफुशीत त्यांच्या कानांवर जे पडलं ते असं : यांचं वॉरंट निघालं, फोनमुळे, ऑफिसात जाऊन आले.

भाऊ मनानं फार चांगले. नानांवर आलेलं संकट त्यांना एकट्यानं सोसवेना, म्हणून त्यांनी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला थोडं थोडं वाटून दिलं.

सकाळी नाना दुकान उघडतात तो समोर आठ-दहा माणसं. पुढे मोठ्या बाई.

"नाना, घाबरू नका," भाऊ म्हणाले. "आम्ही सगळे तुमच्या बाजूनं साक्ष देऊ."

"कसली साक्ष?"

"ते वॉरंट निघालंय ना तुमच्यावर."

"वॉरंट? कुणी सांगितलं?"

"वहिनींनीच. गच्चीतून."

नानांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. "अरे देवा. वॉरंट नाही रे भाऊ, वॉरंटी. फोनची. मी फोन रूट केला ना, म्हणून."

"पण केलात कशाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

इथं नानांनी 'सहज' म्हटलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण माणूस सरळ. शिवाय बाईंनी विचारलं की उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, हे गल्लीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

"टॉर्च फोटोंत डोकावत होता म्हणून. आणि फोटोंत तुमच्या सगळ्यांच्या किल्ल्या होत्या म्हणून."

भाऊंची इस्त्री तिकडे साडीवर तशीच राहिली होती, तिचा वास येईपर्यंत कुणी हललं नाही.

"आमच्या किल्ल्यांचे फोटो?" बाई म्हणाल्या. "नावासकट?"

"नाव, मजला आणि दार," नाना म्हणाले. एकदा खरं बोलायला लागलं की थांबायचं कुठं हे त्यांना कधी कळलं नाही. "तुमच्याच सोयीसाठी, बाई. हरवली तर..."

"आम्हाला विचारलं होतंत?"

नानांनी खिळ्यावरची एक कोरी किल्ली उगीचच सरळ केली.

"दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली गुपचूप ठेवून घेणाऱ्याला तुमच्या धंद्यात काय म्हणतात? त्या दिवशी मोठ्यानं सांगत होतात."

नानांनी शिकंज्यावरचा लोखंडाचा चुरा बोटानं एका बाजूला सारला, मग दुसऱ्या बाजूला सारला.

"त्या टॉर्चनं निदान विचारलं तरी होतं," बाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांत नानांना कुणी असं बोललं नव्हतं. आणि बोलणं बरोबर होतं, ही त्यातली खरी अडचण. ते स्टुलावरून उठले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "हेतू वाईट नव्हता, पण विचारायला पाहिजे होतं. फोटो सगळे पुसले गेलेत, एकही राहिलेला नाही. तरी त्या टॉर्चनं काय बघितलं ते मला माहीत नाही. ज्यांना ज्यांना पाहिजे त्यांच्या कुलपाचं आतलं बदलून देतो, नव्या किल्लीसकट. दमडी घेणार नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. राग धरावा तर समोर माणूस नाना. तेवढ्यात जळकी साडी बाजूला टाकून भाऊ घाईघाईनं पुढे आले.

"माझ्या दुकानामागच्या खोलीच्या किल्लीचा होता का फोटो?"

"होता रे भाऊ. पण काळजी करू नकोस, तोही पुसला."

"अहो, पुसलात कशाला? तीन दिवस झाले, किल्ली सापडत नाहीये मला. अर्ध्या गल्लीचे कपडे आत अडकलेत."

तेव्हा कुठे पहिल्यांदा कुणीतरी हसलं. नानांनी तार उचलली, भाऊंच्या खोलीशी गेले, कान लावला आणि दोन मिनिटांत कुलूप उघडून दिलं. कुणाचे कपडे तीन दिवस कुठे होते याचाही उलगडा झाला, आणि वातावरण जरा निवळलं.

पुढचे आठ दिवस नाना दारोदार फिरत होते. कुलपाचं पोट खोलायचं, आतलं बदलायचं, नवी किल्ली हातात द्यायची. आणि दर दारात निघताना, मान खाली घालून विचारायचं, "किल्लीचा नमुना माझ्याकडे ठेवायची परवानगी आहे का? हो, नाही, की फक्त काम चालू असेपर्यंत?" बहुतेकांनी 'हो' म्हटलं. भाऊंनी तर दोन नमुने ठेवायला लावले.

मोठ्या बाईंचं दार शेवटचं. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्या दिवशी वीज पुन्हा गेलेली, जिना पुन्हा काळाकुट्ट. नानांनी लॅच खोललं, पण आतलं काही दिसेना. सवयीनं त्यांनी फोन काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"थांबा," म्हणत बाईंनी स्वतःचा फोन काढला आणि लॅचवर उजेड धरला. लख्ख. नानांनी काम सुरू केलं. तार आत गेली, पेचकस दातांत गेला. मग त्यांना राहवेना. त्यांनी पेचकस काढला.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"हा तुमचा टॉर्च, यानं फोटो बघायची परवानगी मागितली होती का?"

उजेड किंचित हलला.

"मागितली होती."

"मग?"

"मी हो म्हटलं," बाई म्हणाल्या. "अंधार होता."

नानांनी पेचकस पुन्हा दातांत धरला. हसू आवरायला त्याचा फार उपयोग झाला.