वैजनाथचा खिळ्यांचा पाट

मुक्ताबाईंनी लाकडी कोयरी हातात घेतली, समोरून पाहिली, पसंतीची मान डोलावली आणि मग ती उलटी केली. तिथंच वैजनाथचं फसलं.

कुठलीही वस्तू पाठीमागून पाहिल्याशिवाय मुक्ताबाई घरात येऊ देत नाहीत, हे अख्ख्या देवळाली प्रवरेला ठाऊक होतं. साडीचा काठ त्या उलटून बघत, ताटातली भाकरी उलटून बघत. एवढंच काय, त्यांना बघायला पाहुणे आले होते तेव्हा चहाचा ट्रे खाली ठेवून त्यांनीच मुलाला विचारलं होतं म्हणे, "जरा पाठमोरं फिरता का?" तो बिचारा फिरला, म्हणून तर लग्न जमलं.

"ह्ये काय रं वैजू? भाकर करपली का काय?"

"काकू, ते लेझरचं असतंय. मागनं जरा काळं येतंच."

"सवाष्णीच्या हातात संक्रांतीचं वान द्यायचं, आन् ते मागनं करपल्यालं?" मुक्ताबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या, आणि नुसतं बोलल्या तरी ठराव मांडल्यासारखं वाटायचं. "शनवारी सांच्याला येते. मागची बाजू सोच्छ दिसली तर समद्या कोयऱ्या तुझ्याकडनं. न्हाई तर दरसालच्या स्टीलच्या वाट्या हायेतच की."

त्या गेल्या आणि वैजनाथ मशीनवर डोकं टेकून बसला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची कारकुनी सोडून त्यानं हे लेझरचं मशीन आणलं होतं. पाट्या आणि की-चेन कापून दिवस ढकलत होता. त्याच्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, हे मशीन पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं.

"संक्रांतीपातूर वाट बघायची," तात्यांनी ओट्यावरून निकाल दिला. "न्हाई जमलं तर ह्यो डबा घोडेगावच्या बाजारात न्यायचा आन् तू मुकाट्यानं काट्यावर जायचं."

"तात्या, घोडेगावला जनावरं विकत्यात."

"मंग ह्यो दुसरा कोन हाय? खायला लई लागतंय, जागा दोन म्हशींची घेतोय, आन् दूध काय देत न्हाई."

आता दोष मशीनचा नव्हता, मशीनच्या पोटातल्या लोखंडी जाळीचा होता. प्लायवुड त्या जाळीवर सपाट टेकायचं, खाली धूर कोंडायचा आणि तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी त्याची पाठ करपायची. वैजनाथनं मोबाईलवर शोधशोध शोधलं, तेव्हा त्याला इलाज सापडला. प्लाय जाळीवर ठेवायचंच नाही. खिळ्यांच्या टोकांवर ठेवायचं. फळीत ओळीनं खिळे उभे करायचे, टोकं वर, की प्लाय अधांतरी राहतं आणि धुराला खालून पळायला वाट मिळते. याला म्हणतात पिन बेड.

तयार मागवायला वेळ नव्हता. वैजनाथनं मशीनवरच एका फळीला ओळीनं भोकं पाडली आणि हार्डवेअरच्या दुकानातून पिशवीभर खिळे आणून खालून वर ठोकायला बसला. पहिला पाट झाला तो गावच्या मिरवणुकीसारखा, कोणी पुढं, कोणी मागं, कोणी भलतीकडंच बघत. त्यावर प्लाय ठेवलं तर ते खाटेच्या मोडक्या पायासारखं डुगडुगलं. सगळे खिळे उपटले. मग आरशाची काच जमिनीवर ठेवली, फळी तिच्यावर उपडी धरली आणि प्रत्येक खिळ्याचं टोक काचेला टेकवून मागून सरस ओतला. या नादात त्याला दाढी करायचं सुचलं नाही, जेवणाची शुद्ध राहिली नाही, आणि डावा अंगठा वांग्यासारखा सुजला. पण पाट मात्र असा झाला, की त्यावर भरलेला पेला ठेवावा आणि पाणी हलू नये.

शनिवारी सकाळी त्यानं तो पाट सरस वाळायला ओट्यावर उन्हात ठेवला आणि चांगलं प्लाय आणायला राहुरीला निघून गेला. तो पाट काय आहे, हे आईला सांगून जायचं मात्र राहिलं. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरून घडलं.

त्याची आई गोजरबाई ओट्यावरच आवळ्यांची पाटी घेऊन बसली होती. मोरावळ्याचे दिवस. आवळा टोचल्याशिवाय पाक आत मुरत नाही, म्हणून एकेका आवळ्याला ती काटा-चमच्यातल्या काट्यानं टोचत होती आणि काटा दर दुसऱ्या आवळ्याला वाकत होता. तेवढ्यात शेजारची साळूबाई विरजण मागायला आली आणि पाटापाशी थबकली.

"अगं बया! गोजरे, हे साळिंदर पसरल्यागत काय हाय?"

"वैजूनं केलंय."

"कशापायी?"

"मला काय ठावं? तीन दीस झालं ठोकतोय. धड जेवत न्हाई, बोलत न्हाई."

साळूबाईनं गालावर हात ठेवला. पोरगं जेवत नाही. दाढी वाढलेली. परवा बापाशी वाजलेलं, ते भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं. आणि आता हा खिळ्यांचा पाट. माणसाला आणखी काय पुरावा हवा?

"गोजरे, पोरगं हातचं गेलं गं तुझं. त्ये तपाला बसनार हाय! खिळ्यावर!"

विरजण तिथंच राहिलं. साळूबाई गल्लीच्या या टोकाला बोलली, आणि ती त्या टोकाला पोहोचायच्या आत बातमी तिथं पोहोचून चहा पिऊन बसली होती. तासाभरात ओट्यापुढं बायका जमल्या. एकीनं नारळ आणला. बनुबाईनं म्हशीच्या शिंगाला बांधायला आणलेली झेंडूची माळ पाटाला घातली, हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडून विचारलं,

"महाराज कुठं हायेत?"

"कोन महाराज?" गोजरबाई भडकली. "वैजू राहुरीला गेलाय. फळ्या आनाया."

"फळ्या?" साळूबाईनं सगळ्यांकडं वळून बघितलं. "ऐकलं का? समाधीची तयारी!"

कोणीतरी हुंदका दिला. गोजरबाईनं हातातला आवळा खाली ठेवला. पोरगं लग्नाचं. एकदा का गल्लीनं त्याला गोसावी करून टाकलं, तर मुलगी देणार कोण? खरं काय ते तिलाच माहीत नव्हतं. तेव्हा हाताशी जे होतं तेच तिनं पुढं केलं, आणि हाताशी आवळे होते.

"गप बसा गं समद्या! तप न्हाई न् बिप न्हाई. म्या सांगितलं म्हनून केलंय पोरानं. आवळं टोचायला!"

साळूबाईनं डोळे बारीक केले. "टोच बरं मंग."

आता माघार नव्हती. गोजरबाईनं मनातल्या मनात खंडोबाला साकडं घातलं, पाटीतले आवळे पाटावर ओतले, पोळपाट उपडा ठेवला आणि त्यावर दोन्ही हातांनी रेटा दिला. चर्रर्र करून आवाज झाला, आवळ्याच्या रसाची एक चिळकांडी बरोबर साळूबाईच्या डोळ्यात गेली, आणि पोळपाट उचलून बघतात तर काय! एका दणक्यात सगळ्या आवळ्यांची चाळण झाली होती.

"आगं आई गं!" बनुबाई म्हणाली. "आन् आमी हिकडं जलमभर काटं वाकवत बसलोय!"

मग काय विचारता! नारळ घेऊन आलेल्या बायका परत गेल्या त्या आवळे घेऊन आल्या. रांग लागली. पाटावरून आवळ्यांचे घाणेच्या घाणे उतरले. साळूबाई एक डोळा मिटून उरलेल्या डोळ्यानं रांगेवर देखरेख करत होती. अख्ख्या गल्लीचा मोरावळा टोचून झाल्यावर गोजरबाईनं झेंडूची माळ काढली, पाट बादलीभर पाण्यानं धुतला आणि जिथला तिथं असावा म्हणून तसाच ओला नेऊन मशीनमध्ये सरकवला. पोराला सांगायचं होतं, पण पोरगं आलं तेच वाऱ्यासारखं.

"आये, पाट कोनी आत ठेवला?"

"म्याच. उन्हानं वाळला हुता."

हे काही खोटं नव्हतं. वाळला होताच, धुवायच्या आधी.

वैजनाथनं प्लाय पाटावर ठेवलं, कडांना विटा ठेवून दाबलं आणि मशीन सुरू केलं. एकामागून एक कोयऱ्या कापून बाहेर आल्या. आणलेलं सगळं प्लाय संपलं तेव्हा दिवस कलला होता. त्यानं पहिली कोयरी उलटी केली. करपलेलं? तिळाएवढंही नाही! पण त्या जागी निळेकाळे ठिपके होते. ओळीनं, सारख्या अंतरावर, आवळ्याचा रस आणि खिळ्याचं लोखंड एक झाल्यावर जी पक्की शाई तयार होते त्या शाईचे. त्यानं दुसरी उलटली, तिसरी उलटली. सगळ्यांना जशी देवी आली होती.

"आये!!!"

गोजरबाई दारात आली, ठिपके बघितले, आणि पदराशी चाळा करत तिनं सकाळपासूनची सगळी कथा सांगितली. तप, समाधी, झेंडूची माळ, काहीही वगळलं नाही. वैजनाथनं पॉलिश पेपर घासून बघितला. शाई लाकडाच्या हाडापर्यंत मुरली होती.

"चांगलं मुरतंय व्हय गं, टोचल्यावं," तो रडव्या आवाजात म्हणाला.

ओट्यावरून तात्या म्हणाले, "घोडेगावचा बाजार शुक्रवारी असतोय. टेम्पो सांगून ठिवू का?"

आणि फाटक वाजलं. मुक्ताबाई आल्या होत्या.

त्यांनी कोयरी घेतली. समोरून पाहिली. मान डोलावली. उलटी केली. मुक्ताबाईंनी कोयरी उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. आडवं, मग उभं, मग तिरकं.

"वैजू, खरं सांग. मागं ही ठिपक्यांची रांगोळी काढायचं कुनी सुचवलं?"

वैजनाथनं तोंड उघडलं. पण त्यातून शब्द निघायच्या आत घरातून आवाज आला, "म्या!"

"शाब्बास गं गोजरे!" मुक्ताबाईंचा चेहरा उजळला. "बाईचं डोकं लागल्याबिगर असं व्हत न्हाई. ज्या सवाष्णीला वान मिळंल, ती घरी जाऊन आपल्या हातानं रेघा जोडंल. कुनी कमळ काढंल, कुनी कासव. आजवर समद्यांनी पुढची बाजू सजवली. मागच्या बाजूचा इचार करनारी तूच पहिली." मग वैजनाथकडं वळून म्हणाल्या, "समद्या कोयऱ्या आपल्या. आन् राहुरीच्या मंडळालाबी सांगते. पर ठिपके पायजेत बरं का! बिनठिपक्याची घ्यायची न्हाई म्या."

त्या गेल्यावर तात्यांनी मशीनकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. "पान्हवला वाटतं," एवढंच म्हणाले, आणि टेम्पोचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

वैजनाथ आईच्या पाया पडला. मनापासून पडला. एवढं नशीब उघडलं ते कोणामुळं? आईच्या थापेमुळं, साळूबाईच्या जिभेमुळं आणि गल्लीच्या आवळ्यांमुळं. उपकार विसरणारा तो नव्हता. त्यानं आणखी काही कोयऱ्या कापून पिशवीत घातल्या आणि संक्रांतीला घरोघरी जाऊन तीळगुळाबरोबर एकेक हातात ठेवली. "काकू, तुमच्यामुळं झालं. तुमचे उपकार फेडता यायचे न्हाईत."

"व्हय का?" बनुबाईनं कोयरी उलटून बघितली आणि आत जाऊन एक बरणी आणली. "मंग बस. फेड."

बरणीत डांबर असावं असं काहीतरी होतं.

"हे काय?"

"मोरावळा. तुझ्या खिळ्यावं टोचल्याला. लोखंडानं असा काळा ठिक्कर झालाय की आमच्या घरात कुनी बोटबी लावंना. अन्न हाय, उकिरड्यावं कसं टाकायचं? तुझ्या पाटाचा परसाद हाय, तूच खा."

साळूबाईकडं तेच. पलीकडच्या घरीही तेच. वैजनाथ कोयऱ्यांची पिशवी घेऊन गेला होता, तो संध्याकाळी हातगाडीवर बरण्या घेऊन परत आला. नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण त्याच तोंडानं उपकार कबूल केले होते.

तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ करून वैजनाथ मशीनपुढं मांडी घालून बसतो, डोळे मिटतो, आणि ज्या घराची बरणी असेल त्या माउलीचं नाव घेऊन एक काळा आवळा तोंडात टाकतो. "फार लोखंड खाऊ नगंस," तात्या सांगतात, "कारखान्याच्या काट्यावरनं गेलास तर त्यो काटा चुंबकागत वढून घेईल." तोवर गोजरबाई पाटावर नवे आवळे टोचत असते, कारण राहुरीच्या मंडळाला ठिपके हवे आहेत. म्हणजे पुन्हा मोरावळा आलाच.

आणि ओट्याशी साळूबाई उभी असते. गल्लीत पाहुणे आले, की ती त्यांना मुद्दाम इकडं आणते, मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या वैजनाथकडं बोट दाखवते आणि अभिमानानं सांगते,

"म्या पहिल्याच दिशी म्हनलं हुतं, ह्ये पोरगं तपाला बसनार!"

वैजनाथचं तोंड भरलेलं असतं. तो नुसते हात जोडतो.