चादर कुणासाठी?

येमूल सर खुर्चीत बसण्याआधी तिला विचारायचे, "तुला काय व्हायचं होतं गं?" मग उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून बसायचे. एवढं मी सोलापुरात अनेकांना हसत हसत सांगितलं आहे. त्याच्या पुढचं मात्र बरीच वर्षं टाळलं. आता माझंही वय झालं, सांगून टाकतो.

सर आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, मी इतिहास. ते विणकरांच्या घरातले. घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि वस्तूंशी सुचेल ती भाषा. स्टाफरूममधल्या एका कपाचा कान चिकटवला की निघायचा. सर म्हणाले, "त्याला वाटी व्हायचं हाय. तुमी कशाला जबरदस्ती करता?" त्या दिवसापासून ते त्यात शेंगा ठेवू लागले.

मग कॉलेजात तत्त्वज्ञान आणि डिझाइन संशोधन या विषयावर परिषद भरली. सर निवृत्तीला आले होते आणि आयुष्यात त्यांनी एकदाही परिषदेत निबंध वाचला नव्हता. भेटले की म्हणायचे, "शिंदे, मला मधेच उठवू नका हां. एवढं एकच सांगायचं हाय." सत्राचा अध्यक्ष मी होतो. मी शब्द दिला.

निबंधाचं नाव 'चादर कुणासाठी?' पाहुण्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली होती. सरांनी घरची, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर टेबलावर पसरली.

"पांघरणारा झोपलेला असतो. त्याला चादर कळतच न्हाय. मग ती कळते कुणाला?"

एवढं विचारून त्यांनी डोळे मिटले आणि गप्प झाले. पंखे फिरत होते. चादरीवरची फुलं वाऱ्यानं हलकेच वरखाली होत होती. क्षणभर सगळं सभागृहच कुठंतरी तरंगत निघाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी घोरण्याचा आवाज काढला. हशा झाला. प्राचार्यांनी मला घड्याळ दाखवलं आणि मी घंटी वाजवली.

सरांनी डोळे उघडले. "मुख्य राहिलं की ओ."

"सर, भाकऱ्या थंड होताहेत," मी म्हणालो. पुन्हा हशा. चादरीची घडी घालून ते खाली उतरले.

शेंगाचटणी आणि भाकरी चापून दुपारच्या सत्रात मी मागच्या रांगेत झोपलो. जाग आली तेव्हा सभागृह रिकामं होतं आणि माझ्या अंगावर ती चादर होती. खांद्यापाशी नीट खोचलेली.

सकाळी ती घेऊन त्यांच्या घरी गेलो. क्षमेचं वाक्य वाटभर जुळवत होतो. वहिनींना जाऊन बराच काळ झाला होता. तरी आत दोन खाटा होत्या आणि रिकाम्या खाटेवर उशीपर्यंत चादर ओढलेली होती.

मी तिकडं बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "निजताना रोज घालतो. हातांना सवय हाय," ते म्हणाले. "घालणाऱ्याला कळते ओ चादर. काल तेवढंच राहिलं होतं."

मी तोंड उघडलं, पण त्यांनीच आधी विचारलं, "झोप चांगली लागली न्हवं?"

"लागली."

"मग ठेवा ती तुमच्याकडंच."

पुन्हा जाऊन सांगू, असं म्हणत राहिलो आणि सर त्याच वर्षी गेले. चादर अजून माझ्याकडे आहे. थंडीत ती अंगावर घेताना मी तिला म्हणतो, सर, मी घंटी वाजवायला नको होती. ती ऐकून घेते. पण हे तिला सांगायचं नव्हतं.