लिमयेकाकांचं पब्लिक पार्क

लेस्टरच्या आसपासच्या कितीतरी इंग्लिश घरांतल्या लग्नाच्या अल्बममध्ये माकडटोपी घातलेला एक मराठी माणूस आहे. कधी नवरीच्या मावशीमागे, कधी केकच्या बाजूला. तो कोण, हे त्या घरांत कुणालाच सांगता येणार नाही. मी सांगते. ते आमचे लिमयेकाका.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. "आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता उठवतो," म्हणायचे आणि खरंच उठवायचे. दोन हजार तीनच्या सुमाराला मी पुण्याहून तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले, तेव्हा शेजार मिळाला तो त्यांचा. पहिल्याच रविवारी भल्या सकाळी दार वाजलं. "चल, आपलं पार्क दाखवतो."

आपलं म्हणजे कौन्सिलचं, तिथल्या नगरपालिकेचं. आमच्या रस्त्याच्या टोकाशीच त्याचं गेट. आत जुने ओक, तलाव, मोकळी फिरणारी हरणं आणि मधोमध कुणा उमरावाचा जुना वाडा, म्हणजे हॉल. तो लग्नांना, पार्ट्यांना भाड्यानं मिळायचा. पलीकडच्या माळावर मातीच्या तबकड्या हवेत उडवून नेमबाजी चालायची. काका हे सगळं असं दाखवत, जणू त्यांच्या आजोबांनी वतन मागे ठेवलंय. "हा आपला तलाव. ही आपली हरणं. तो आपला रेंजर, कीथ. जरा तिरसट आहे." कुणी अडवलंच तर उत्तर ठरलेलं: "पब्लिक पार्क आहे. आपण पब्लिक!"

शनिवारी हॉलच्या हिरवळीवर लग्न असलं की काका कडक इस्त्रीच्या सुटात हजर. वर माकडटोपी, कारण इथल्या उन्हाळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. खायचे काही नाहीत. नुसते उभे राहायचे. नवरानवरी बाहेर आली की सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्या. फोटोग्राफर "फॅमिली, प्लीज" म्हणाला की हळूच सरकून फॅमिलीत. नवऱ्याकडचे समजायचे नवरीकडचा, नवरीकडचे समजायचे नवऱ्याकडचा.

हिवाळ्याच्या तोंडावर हरणं कमी करायला कौन्सिल शिकारी बोलवायचं. त्या सकाळी गेट बंद. काका गेटवर. "कीथ, हरणंही पब्लिक आहेत!"

"पण ती कौन्सिल टॅक्स भरत नाहीत, डॉक्टर," कीथ शांतपणे म्हणायचा.

मग काका माझ्या किचनमध्ये येऊन चहा घेत. लांबून बार ऐकू आला की कप खाली ठेवत. त्या दिवशी चहा पूर्ण संपायचा नाही.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. अमित कॉव्हेंट्रीत जन्मलेला, वाढलेला. जूनमध्ये त्याच हॉलमध्ये लग्न करायचं ठरवलं आणि मे महिन्यात पुण्याला बाबांची बायपास झाली. प्रवास बंद. आईनं त्यांना सोडून येणं शक्यच नव्हतं. "लग्न पुढे ढकलू नकोस," बाबा फोनवर म्हणाले, "तिथलं वडीलधारं कुणीतरी उभं कर." मला एकच नाव सुचलं, बाबांनाही ते पटलं. म्हटलं, जो माणूस न बोलावता येतो, तो बोलावल्यावर धावतच येईल.

"काका, आम्हाला तुमचा मदत पाहिजे," अमित म्हणाला.

"तुमची. मदत ती," काका म्हणाले. आणि कन्यादानाचं ऐकल्यावर एकदम, "नाही जमायचं. मी एकटा. त्याला जोडी लागते."

"गुरुजींना विचारलंय," मी म्हटलं. "बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचली की चालतं."

काका उठले आणि पार्कात गेले. मी मागोमाग गेले. तलावाकाठच्या बाकावर बसले होते.

"आमच्या मुलीचं, मीनलचं लग्न याच हॉलमध्ये झालं," ते म्हणाले. "गोरा मुलगा म्हणून मी आलो नाही. म्हणजे गेटपर्यंत आलो होतो. गाड्या आत जाताना पाहिल्या आणि घरी गेलो. तुझी काकू एकटी गेली. परत आल्यावर मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. आता ती नाही. काय विचारू आणि कुणाला?"

"मीनलला विचारा."

"व्हँकूवरहून फोन करते ती दर रविवारी. हवापाण्याचं बोलतो आम्ही." मग म्हणाले, "जिथं उभं राहायला हवं होतं, तिथं राहिलो नाही. आता तुझ्यासाठी कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"बाबांनी तुम्हाला सांगितलंय, काका. मीही सांगतेय. या."

आले. माझा हात अमितच्या हातात दिल्यावर त्यांनी आपला हात सोडलाच नाही, शेवटी गुरुजींनी तो हळूच सोडवला. मंत्र मात्र त्यांनी एकही चुकवला नाही. त्या दिवशी ते पंगतीत बसून पोटभर जेवले. अमितच्या आईनं आग्रह केला तेव्हा मठ्ठाही पुन्हा घेतला.

संध्याकाळी पाहुणे पांगले. ऊन अजून हिरवळीवर होतं. काकांनी अमितचा मोबाईल मागून घेतला आणि हॉलच्या पायरीवर जाऊन बसले. व्हँकूवरला तेव्हा सकाळ होती. आम्ही खुर्च्या गोळा करत होतो, त्यामुळे ऐकू येत होतं.

"मीनल, बाबा बोलतोय. रविवार नाही, माहितीये. बरा आहे गं मी." मग उन्हाचं सांगितलं. मला वाटलं, हवापाण्यावरच थांबणार. तेवढ्यात ते म्हणाले, "तुझ्या लग्नात जेवायला काय होतं गं?"

काकांनी मोबाईल कानाशी घट्ट धरला. मग हळूहळू त्यांची मान हलायला लागली. "हं... हं... आणि आईनं कुठली साडी नेसली होती?"