क्लच बसवू की बटण?

ऑरिन टफ्टला पन्नासाव्या वाढदिवसाला बायकोने एक साधा प्रश्न विचारला आणि त्याची पंचाईत झाली.

"तुझ्या डर्ट बाइकला ऑटोमॅटिक क्लच बसवू की इलेक्ट्रिक स्टार्ट? दोन्हींपैकी एक सांग. भेट माझ्याकडून."

मार्वाने हे अगदी प्रेमाने विचारलं, केक कापता कापता. आयडाहोच्या डोंगरात राहणाऱ्या कुठल्याही माणसाने याचं उत्तर केक संपायच्या आत दिलं असतं. ऑटोमॅटिक क्लच असला की गाडी कितीही हळू करा, ती बंदच पडत नाही. इलेक्ट्रिक स्टार्ट असला की गाडी बंद पडते, पण बटण दाबलं की पुन्हा सुरू होते, किका मारत बसावं लागत नाही. एकात दुखणं होतच नाही, दुसऱ्यात औषध हाताशी असतं. ऑरिनची अडचण निराळी होती. त्याला गाडी सुरूच व्हायला नको होती.

कारण जुलै. जुलैच्या पहिल्या शनिवारी ऑरिनच्या सासऱ्यांचा, म्हणजे व्हर्ल यांचा वाढदिवस. त्या दिवशी मार्वाचं अख्खं माहेर डर्ट बाइकवर बसून डोंगरमाथ्यावरच्या जुन्या मनोऱ्यापर्यंत जातं. पूर्वी तिथून वणव्यांवर नजर ठेवायचे, आता तिथे ही मंडळी जेवतात. वाटेत एक चढ लागतो. त्याला घरात 'पाद्र्याचा चढ' म्हणतात, कारण तिथे पोचल्यावर भल्याभल्यांना देव आठवतो.

तीन वर्षांपूर्वी या चढाच्या बरोबर मध्यावर ऑरिनची गाडी बंद पडली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीच्या तळाशी ओढा, तो इतका खाली की त्याचा आवाजही वर येत नव्हता. ज्या पायाने मागचा ब्रेक धरायचा, त्याच पायाने किक मारायची. ही सोय ज्याने केली त्याला आयुष्यात कधी भीती वाटलीच नसावी. ऑरिन उभा राहिला, मग बसला, आणि बसल्या बसल्याच गाडीसकट खाली घसरत आला. खाली आल्यावर त्याने 'कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला' असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्याची कंबर धरली. त्याच्या पुढच्या वर्षी दाढ ठणकली.

भ्यायलोय, असं सांगून मोकळं का नाही झाला? बावीस वर्षांच्या संसारात मार्वाने त्याला घाबरट म्हटलं नव्हतं. ते तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा दरीत गेलेलं बरं, असं त्याचं मत होतं. (प्रत्यक्ष दरी दिसली की हे मत बदलायचं.)

तेव्हा ऑरिनने एक युक्ती काढली. पाटबंधारे कार्यालयात कारकुनी करून त्याला एवढं कळलं होतं की एखादं काम होऊ द्यायचं नसेल तर नाही म्हणू नये, विचार चालू आहे म्हणावं. जोवर क्लच की बटण हे ठरत नाही, तोवर गाडी इंजिन खोलून ठेवलेली. गाडी उघडी, तोवर चढ लांब.

रविवारच्या जेवणाला त्याने हा विषय टेबलावर सोडला, आणि मेहुणा रुलॉन लगेच गळाला लागला. गावातल्या निम्म्या डर्ट बाइक तोच दुरुस्त करतो.

"इलेक्ट्रिक स्टार्ट घे, ऑरिन. डोंगरात गाडी बंद पडणारच. पडली की बटण दाब, चालू लाग."

"अगदी बरोबर," ऑरिन म्हणाला.

"काय बरोबर?" सासरेबुवा बटाट्यांच्या भांड्यावरून म्हणाले. "बटण काय चाटायचंय? मुळात बंदच पडू नये असं बघ. क्लच घे."

"तुमचंही खरंच आहे, डॅड."

"डॅड, क्लच डाव्या हाताने दाबायची सवय गेली तर पोरगा गाडी चालवायचीच विसरेल," रुलॉन म्हणाला.

"तो पन्नासचा आहे. आणि त्याला येत कुठे होती?"

असं जुंपलं की ऑरिन स्वस्थपणे दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. भांडण विझत आलं की काडी टाकायची, एवढंच त्याचं काम. थंडीत बॅटरी बसते म्हणे. क्लच फार तापतो म्हणे. मार्च गेला, एप्रिल गेला, मे महिन्यात तर शेजारपाजारचेही दोन बाजूंना वाटले गेले. ऑरिनला इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

जूनमध्ये मार्वा भांडी विसळता विसळता म्हणाली, "क्लच मागवला. रुलॉन शनिवारी बसवतोय."

"अगं, पण माझं अजून ठरत नाहीये."

"म्हणूनच," मार्वा म्हणाली.

रुलॉनने क्लच बसवला, हात पुसले आणि बजावलं, "एक ध्यानात ठेव. आता ही गिअरमध्ये असली तरी जागची हलत नाही. न्यूट्रलमध्येच आहे असं वाटतं. पण रेस दिलीस की सुटली. तेव्हा खाली उभं राहून मुठीला हात लावायचा नाही."

ऑरिनने मान डोलावली. तो त्या वेळी यंदा कुठली दाढ दुखवावी याचा विचार करत होता.

जुलैचा पहिला शनिवार उजाडलाच. पाद्र्याच्या चढाच्या पायथ्याशी सगळे थांबले. ऑरिनने वर पाहिलं. चढ वाढला होता. निदान त्याला तरी तसं वाटलं. गाडी चालूच ठेवून, स्टँड लावून, तो खाली उतरला.

"मार्वा, गाडीचा आवाज बरोबर येत नाहीये."

"मला तर ठीक वाटतोय."

"नाही, आतून काहीतरी घासतंय. अशी गाडी चढावर घालणं म्हणजे... थांब, तूच ऐक."

आणि ऑरिनने डाव्या बाजूला उभं राहून, सीटवरून पलीकडे ओणवं होऊन, उजवी मूठ चांगली पिळली.

गाडी सुटली. शहाण्या माणसाने हात सोडला असता. पण घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो, आणि ऑरिनच्या हाताला मूठच लागली होती. जितका घाबरे तितकी मूठ पिळे, जितकी पिळे तितकी गाडी पळे. ऑरिन सीटवर पोटावर पडलेला, एक पाय हवेत, दुसरा दगडांवर आपटतोय. पावसाच्या पाण्याने वाटेत खोल चर पाडला होता, पुढचं चाक त्यातूनच धावत राहिलं, म्हणून गाडी दरीत गेली नाही. ऑरिनने डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला दरी आणखीच स्वच्छ दिसत होती. त्याने देवाला पुष्कळ वचनं दिली. मग एकदम सगळं सपाट झालं, गाडी झुडपात शिरली आणि आडवी झाली. या पडण्यात मात्र ती बंद झाली.

ऑरिनने डोळे उघडले. समोर मनोरा होता. मनोऱ्याच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून सासूबाई नेड्रा विणत बसल्या होत्या. त्यांच्यामागे पिकअप ट्रक उभा होता आणि त्यात जेवणाची भांडी होती.

"मॉम," ऑरिनने झुडपातूनच विचारलं, "तुम्ही इथे कशा आलात?"

"रस्त्याने," नेड्रा म्हणाल्या. "मागच्या बाजूने चांगला रुंद रस्ता आहे. दरवर्षी तशीच येते. हाडं मोडून घ्यायची हौस नाही मला."

"ट्रकमध्ये... शेजारची सीट..."

"रिकामीच असते. तीन वर्षं तुझ्यासाठी ठेवतेय. मार्वा म्हणाली, त्याला चढाची भीती वाटते, पण तो आपणहून सांगेपर्यंत कुणी विचारू नका." नेड्रांनी टाके मोजले. "आता विचारायला हरकत नाही म्हणा. गेली ना भीती?"

तोवर बाकीचे वर पोचले. रुलॉनने हेल्मेट काढून ऑरिनच्या पाठीवर थाप मारली. "पोटावर चढलास, ऑरिन. मी जन्मात असं पाहिलं नाही." मार्वाच्या डोळ्यांत पाणी होतं. असं तिने ऑरिनकडे लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

ऑरिनला राहवलं नाही. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "उतरताना मी मॉमबरोबर ट्रकमधून येतो."

सगळे पोट धरून हसले. नेड्रा म्हणाल्या, "जावई इतका गमत्या आहे हे मला माहीतच नव्हतं."

व्हर्ल तेवढे हसले नाहीत. जेवणं उरकताच ते ट्रकचं दार उघडून आत बसले. "त्या सीटची तुला गरज राहिली नाही ते बरं झालं," ते हळूच म्हणाले. "उतारावर माझे पाय तीन वर्षं लटपटतायत, पण तुझ्या नावाने ठेवलेली जागा मागायची कशी? माझी गाडी रुलॉन नंतर येऊन नेईल."

रुलॉनने ऑरिनची गाडी झुडपातून काढून पाद्र्याच्या चढाच्या तोंडाशी आणून उभी केली.

"चढायला हा क्लच झकास," तो म्हणाला. "उतारावर मात्र जरा जपून. रेस कमी केलीस की गिअर गाडीला धरून ठेवत नाही, ती मोकळी सुटते. उतरायला आपला साधा क्लच आणि इलेक्ट्रिक स्टार्टच बरा होता. पण तुझंच काही ठरेना."