कंट्रोलरांचं आडवेस

१२ मे १९७४, रविवार. वर्षाची चटणी करायचा दिवस. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या पत्र्यावर कडकडीत वाळल्या होत्या. सकाळी देठं मोडायची, मग मिरच्या, धणे, तीळ, खोबरं भाजायचं, आणि दुपारी सगळं डंकावर, म्हणजे मिरच्या कुटायच्या गिरणीत, न्यायचं. मी सूप घेऊन दारात बसले होते. समोरून कंट्रोलर गेले. मान खाली, हातात दुधाची किटली. जकात न भरता गेले.

हे वाचून माझ्याकडे विचित्र नजरेने बघू नका. वेडी मी नाही. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. मला वेस नाही, नाका नाही, जकात वसूल करायचा अधिकार तर मुळीच नाही. पण या गृहस्थाने रोज माझ्या दारात थांबावं, टोपी काढावी, खिशातून एखादा खडा, चिंचोका नाहीतर बाटलीचं बूच काढून माझ्या उंबऱ्यावर ठेवावं आणि गंभीरपणे म्हणावं, "महाजकातदार, वेस उघडावी!" रोज माझा उंबरा मी झाडायचा आणि रोज त्यांनी तो भरायचा. शेवटी गेल्या आठवड्यात मी हा प्रकार बंद पाडला. तेव्हापासून ते असे मुकाट जात होते. मला बरं वाटायला हवं होतं. वाटतही होतं.

त्यांचं नाव शंकरराव नेर्लेकर. स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या, हे काम. निवृत्त झाले आणि आमच्या बोळाच्या टोकाला भाड्याने राहायला आले. सोबत आजारी बायको. तिला आमच्यापैकी कुणी धड पाहिलेलं नव्हतं. चौकशीला गेलं की कंट्रोलर दारातच हसून "आत्ताच निजलीय" म्हणायचे आणि दार ओढून घ्यायचे. माणूस स्वच्छ, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एवढ्यावर थांबले असते तर चांगला शेजारी म्हणून मीच त्यांची शिफारस केली असती.

पण त्यांनी आमच्या बोळात एक शहर वसवलं. आणि आम्हाला न विचारता आम्हाला त्यात राहायला लावलं.

शहराचं नाव आडवेस. कोल्हापूरला वेशी काही कमी आहेत का? पण नाही. यांची वेस बोळाच्या तोंडाशी, विजेच्या खांबाजवळ. संध्याकाळी तिथे उभं राहून, नाकातून स्टँडवरचा आवाज काढून ते पुकारायचे, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. आडवेसला जाणारी गाडी फलाट क्रमांक शून्यवर लागत आहे. ही गाडी वाटेत कुठेही थांबणार नाही, कारण ती सुटणार नाही." कामावरून येणारी माणसं हसत हसत त्या नसलेल्या गाडीत चढायची आणि खांब ओलांडला की आडवेसची होऊन जायची. चांगली मिसरूड फुटलेली, पोराबाळांची माणसं!

कोपऱ्यावरची पिठाची गिरणी म्हणजे घुर्रासुर. हा पूर्वी म्हणे राजे खायचा. एका म्हातारीने शाप दिला, तेव्हापासून जोंधळ्यावर भागवतो आणि रागाने घुरघुरतो. सार्वजनिक नळ म्हणजे नागीण. पाणी यायच्या आधी ती फुसफुसते, कारण तिला घागरींचा नैवेद्य हवा असतो. बाबूभाई शिंप्याचं मशीन म्हणजे घोडदळ. बाबूभाई पायडल मारायला लागले की आडवेसचं सैन्य मोहिमेवर निघालं. तालमीतला पैलवान मारुती शड्डू ठोकायचा, तर तो ढगांचा दरवान. त्याने मांडीवर थाप मारल्याशिवाय ढगाने वेशीवरून पुढे जायचं नाही. आणि गवळ्याच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली की राणीसरकारांची पालखी. आता म्हैस ती म्हैस. तिला पालखी म्हटल्याने ती दारात शेण टाकायची राहते का? ते शेण कोण उचलतं? मी.

बरं, माणसांनी तरी झिडकारावं! पण आमच्या पेठेत माणसाला एक वेळ जेवायला नाही दिलं तरी चालेल, पदवी दिली की तो तुमचा. बाबूभाई गिऱ्हाइकाला सांगायचे, "आज शर्ट मिळणार न्हाई, फौज दमलीया." मारुती तर परगावच्या पैलवानांपुढे ढगांचा दरवान म्हणून मिरवायचा.

समोरचे तात्या मात्र रुसले होते. तात्या दिवसभर कट्ट्यावर बसून पेपर वाचतात, कुणाशी बोलत नाहीत. त्यांना आडवेसमध्ये काहीच पद मिळालं नव्हतं. एकदा त्यांनी कंट्रोलरना अडवलंच.

"का ओ, म्हसरालासुदीक पालखी केलासा. आमी काय मेलोय व्हय?"

कंट्रोलर विचारात पडले. म्हणाले, "तसं न्हवं, तात्या. पण तुमी लईच गप असतासा. तुमाला जरा खोकाय लागंल."

"खोकाय?"

"दणकून. तोफखाना देतो तुमाला."

मी म्हटलं, आता तात्या काठी उचलतात. कशाचं काय! दुसऱ्या दिवसापासून तात्या सकाळ-संध्याकाळ ठणठणीत छातीने असे खोकायला लागले, की त्यांच्या सुनेने वैद्याकडून काढा आणला. तो काढा तात्यांनी मोरीत ओतला आणि तोफखाना चालू ठेवला.

आणि मी महाजकातदार. कारण काय, तर माझा आवाज. "बाईंनी एक हाळी मारली तर गंगावेशीतला हत्तीबी थांबंल," असं ते चारचौघांत सांगायचे. गंगावेशीत हत्ती नसतो. आणि माझा आवाज मोठा नाही, स्पष्ट आहे. पन्नास मुलींना पाढे शिकवायचे तर कुजबुजून चालत नाही. पण माझी कोंडी अशी, की मी पोरांवर, भाजीवालीवर किंवा खुद्द कंट्रोलरांवर ओरडले की ते खूष होऊन म्हणायचे, "वा! वेस राखली!" न ओरडावं तर उंबऱ्यावर खडे. ओरडावं तर मी त्यांच्या खेळात. असा अन्याय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आमचे हे म्हणायचे, "जाऊ दे की, कुणाचं काय जातंय?" यांना शाहूपुरीतल्या कचेरीतून आल्यावर चहा मिळाला की जगात कुणाचंच काही जात नाही.

माझं काय गेलं ते ऐका. आमच्या सुनंदाला बघायला गगनबावड्याकडचे पाहुणे आले. मुलगा बरा, नोकरीत कायम. मुलाचे वडील घाटावरून एक भला मोठा फणस घेऊन उतरले होते, इथल्या बहिणीला द्यायला. खांबाजवळ कंट्रोलर उभेच.

"पावणं, कुणाकडं?"

"बाईंच्याकडं. पोरगी बघाय आलोय."

"म्हंजे महाजकातदारांच्यात! मग जकात?"

पाहुणे पडले घाटावरचे. नाक्या-नाक्यावर माल दाखवत आलेले. कोल्हापुरात बोळाच्या तोंडाशीही नाका निघाला असेल, यात त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी फणस आहे म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं. कंट्रोलरही इतके रंगात, की म्हणाले, "फणस वेशीत जमा करा." तेवढ्यात तात्यांनी तोफ डागली. झालं! पाहुण्यांनी फणस माझ्या उंबऱ्यावर आदळला, घाम पुसला आणि मला पहिलाच प्रश्न केला, "तुमी नाक्यावर हायसा, हे मधल्या माणसानं सांगितलं न्हाई?"

मी पोहे पुढे करत म्हटलं, "मी शाळेत आहे." त्यांनी डोळे मिचकावले. म्हणाले, "असू दे, असू दे. भाईर कशाला बोलायचं?" पोहे खाऊन, कळवतो म्हणून, ते निघून गेले. फणस इथेच राहिला. तो मागायची त्यांची हिंमत झाली नाही आणि घरभर सुटलेल्या त्याच्या वासाने माझं डोकं उठलं.

त्याच संध्याकाळी मी खांबाजवळ जाऊन सगळ्यांच्या देखत सांगितलं, "कंट्रोलर, माझ्या पोरीच्या लग्नाशी खेळ नको. आजपासून तुमचं आडवेस बंद. पुन्हा माझ्या उंबऱ्यावर खडा दिसला तर तुमच्याच टोपीत घालून परत करीन."

मला वाटलं, नेहमीसारखं "वेस राखली" म्हणतील. पण त्यांनी टोपी घातली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी गाडी पुकारली गेली नाही. मारुतीने शड्डू ठोकला तो नुसताच शड्डू. बाबूभाईंनी एका गिऱ्हाइकाचा शर्ट वेळेवर दिला. तात्यांचा खोकला बरा झाला.

तर चटणीचा दिवस. देठं मोडून होतात तोच लग्न ठरवणारा मधला माणूस निरोप घेऊन आला. "बाई, पेढे काढा! पोरगी पसंत हाय. पावणं म्हणालं, विहीणबाई नाक्यावर हायत, म्हंजे घर भरल्यालं असणार. देण्याघेण्याचं आपून काय बोलायची गरज न्हाई."

मी त्याला पाणीही विचारलं नाही. "त्यांना सांगा, मी शाळेत आहे, आणि वरकमाईवर डोळा ठेवणाऱ्या घरात माझी मुलगी जायची नाही. जाताना फणस घेऊन जा." म्हणजे बघा, कंट्रोलरांमुळे माणसं कळली, असं म्हणायची पाळी माझ्यावर आली. त्याचाही मला संतापच आला. कुणाचे उपकार असे बळेच डोक्यावर बसलेले मला खपत नाहीत.

त्या संतापात मिरच्या भाजायला घेतल्या आणि जाळ जरा जास्त झाला. धूर बोळात शिरला. मारुती खोकला, बाबूभाई खोकले, तात्या खरेखुरे खोकले. सगळे थांबले, पण बोळाच्या टोकाला कुणीतरी खोकतच राहिलं. बाईमाणसाचा, खोल, थांबता न थांबणारा खोकला. कंट्रोलर मघाशी औषध आणायला गेलेले मी पाहिले होते. चुलीतली लाकडं मागे ओढली, तांब्यात पाणी आणि गुळाचा खडा घेतला आणि गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत खिडकीला लागून खाट. खाटेवर वाळकी, गोरी बाई, चापूनचोपून नेसलेली. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाही, भिंतीकडे. मी म्हटलं, "पाणी घ्या आधी. मिरच्यांचा धूर आहे. बोलू नका."

तिने माझा आवाज ऐकला आणि खोकता खोकता हसली. "अगं बाई! जकातदार! सवता आलासा?"

पाणी पिऊन तिने सांगितलं. साखरेच्या आजाराने डोळे गेले, मग पायातलं बळ गेलं. इथे आल्यापासून ती या खाटेवर. खिडकी बोळावर उघडणारी. गिरणीची घरघर, नळाची फुसफुस, मशीनची टपटप, म्हशीची घंटा, सगळं तिथे स्पष्ट येत होतं. माणूस तेवढं दिसत नव्हतं. तात्यांना खोकायला का लागलं, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"बाई," ती म्हणाली, "वेस का बंद झाली ओ? हे म्हणत्यात पूर आलाय, समदी माणसं डोंगरावर गेल्यात. मे म्हैन्यात कसला पूर?"

मी म्हटलं, "तुम्हाला हे सगळं खरं वाटतं?"

"इश्श! गिरणी काय मला वळखू येत न्हाई? माझ्या म्हायारी गिरणीच हुती की." तिने आवाज खाली आणला. "पर त्यास्नी सांगू नगासा. स्टँडवर हुते तवा दिसभर समदा जिल्हा त्यांचं ऐकायचा. घरी आले आणि बोलायचं कुणासंगं? मी इच्यारते, मग काय झालं, आणि ते सांगत बसत्यात. आता आठवडा झाला, जेवल्यावर नुसते गप बसत्यात."

तेवढ्यात दारात कंट्रोलर आले. मला बघून त्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलीसारखा झाला. पण तिच्याकडे वळून, नाकातून तो स्टँडवरचा आवाज काढून म्हणाले, "राणीसरकार, वेशीवरचं पाणी अजून..." आणि पुढचं त्यांना सुचेना.

मी तांब्या उचलला. "माझ्या मिरच्या करपतील," म्हटलं आणि घरी आले. डंकावर नंबर गेला तो गेलाच. चटणी व्हायला दिवेलागण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटणी बरणीत दाबून भरली, हात धुतले आणि दारात येऊन उभी राहिले. कंट्रोलर किटली घेऊन आले. मान खाली घालून, पलीकडच्या भिंतीला अंग घासत निघाले होते.

बोळाच्या टोकाची खिडकी उघडी आहे हे मी पाहून घेतलं. मग पन्नास मुलींच्या वर्गात लावते त्याहून चढा आवाज लावला.

"कोण हाय रं तिकडं? वेशीचं पाणी उतरलंय, म्हणून काय फुकट जाणार व्हय? जकात टाका आधी!"

कंट्रोलर जागीच थांबले. किटली खाली ठेवली, सगळे खिसे चाचपले. आठवडाभर कशाला खडे गोळा केले असतील? शेवटी खाली वाकून माझ्याच दारात पडलेलं मिरचीचं एक देठ त्यांनी उचललं, दोन्ही हातांनी उंबऱ्यावर ठेवलं आणि टोपी काढली.

समोरच्या कट्ट्यावर तात्यांनी पेपर बाजूला ठेवला, छाती भरून घेतली आणि तोफ डागली.

मी केरसुणी आणली आणि उंबरा झाडून घेतला.